पाषाणाच्या वयाचे काटेरी साक्षीदार

डहाणू-तलासरीत कुठेही विहीर खणायला घ्या, माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. महालक्ष्मीचा मुसळ्या डोंगर त्याचाच, कोसबाडची टेकडी त्याचीच, वाढवणला समुद्रात दूरवर घुसलेला कातळही त्याचाच. जोत्याला हाच, जात्याला हाच आणि क्रशरमधून खडी होऊन बाहेर पडतो तोही हाच. लाव्हारस थिजून झालेला हा दगड. त्यात जीवाश्म शोधायचे म्हणजे तापल्या तव्यावर बी पेरून कोंबाची वाट बघायची. तरीही या दगडाच्या वयाला पहिली पक्की हद्द घालून दिली ती समुद्रातल्या काटेरी प्राण्यांनी, आणि तीही इथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या, आज समुद्राचं नावही नसलेल्या एका गावात.

या प्राण्यांचं कूळ शाळेच्या पुस्तकात ‘कंटकचर्मी’ या नावानं येतं. तारामासा, सी-अर्चिन, सी-ककुंबर, ब्रिटल स्टार आणि खोल समुद्रातली सागरकमळं असे पाच वर्ग आज जिवंत आहेत. पण जीवाश्मांच्या हिशेबानं या कुळात एके काळी वीसएक वर्ग होते. म्हणजे आज दिसतो तो उरलासुरला चतुर्थांश. बाकीच्यांतले बहुतेक पस्तीस-चाळीस कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी संपले. त्यांच्यात असे काही नमुने होऊन गेले की त्यांना कंटकचर्मी म्हणायचं की नाही यावर विद्वान पन्नास वर्षं भांडले.

भांडता आलं ते या कुळाच्या एका खुणेमुळे. कंटकचर्मी प्राण्याचा सांगाडा कॅल्साइटच्या तबकड्यांचा असतो, आणि प्रत्येक तबकडी, प्रत्येक काटा हा एकेक स्वतंत्र स्फटिक असतो. प्राणी जिवंत असताना त्या स्फटिकाला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून मांस भरलेलं असतं. मेल्यावर त्या छिद्रांतही कॅल्साइट भरतं आणि तबकडी भरीव होते. असा जीवाश्म हातोडीनं फोडला तर तो दगडासारखा वेडावाकडा फुटत नाही. सपाट, चकचकीत पैलू पडतो. उन्हात धरून फिरवला की ठरावीक कोनात एकदम लकाकतो. नखाएवढा तुकडा असला, प्राण्याचं डोकं-शेपूट काही कळत नसलं, तरी ती लकाकी दिसली की जाणकार माणूस तो तुकडा कुळाच्या नावावर चढवतो. पुढे येणाऱ्या सगळ्या हकिकतीत हा पैलू साक्षीला आहे.

पहिली पिढी दिसते ती कँब्रियन कालखंडात, सुमारे बावन्न कोटी वर्षांपूर्वी. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्स डोंगरात सापडलेल्या अशाच एका प्राण्याचं वर्णन वायट डरहॅम आणि केनेथ कॅस्टर यांनी १९६३ साली केलं आणि त्याच्यासाठी नवा वर्गच उघडला. नाव ठेवलं हेलिकोप्लॅकस. काही सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि अंगावरच्या तबकड्यांच्या रांगा मळसूत्रासारख्या गोल गोल फिरत वर गेलेल्या. आजच्या तारामाशात आणि सी-अर्चिनमध्ये जी पाचाची मांडणी हटकून असते, ती इथे नाही. अन्न गोळा करणारी पन्हळ तीन फाट्यांची. डोळे, पाय, शेपूट यांपैकी काहीच नाही. समुद्राच्या तळात एक टोक रोवून उभं राहायचं आणि पाण्यातून येईल ते खायचं, एवढाच त्याचा संसार.

हा वर्ग फार टिकला नाही. स्टीफन डॉर्नबॉस आणि डेव्हिड बॉट्यर यांनी २००० साली त्याचं जे कारण मांडलं ते मला फार पटतं. कँब्रियनच्या सुरुवातीला उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांचा चिवट थर असायचा, त्यामुळे चिखल घट्ट राहायचा. त्यात टोक रोवून उभं राहणं सोपं होतं. पुढे तळ उकरणारे, बिळं करणारे प्राणी वाढले, तो थर फाटला आणि घट्ट चिखलाची पातळ रबडी झाली. हेलिकोप्लॅकसला उभं राहायला जागाच उरली नाही. त्याचे काही भाऊबंद शिंपल्यांच्या तुकड्यांना, कडक जागांना चिकटून राहायला शिकले आणि तगले. म्हणजे कोणी येऊन यांना खाऊन टाकलं नाही, आभाळातून काही पडलं नाही; पायाखालची जमीन बदलली.

आमच्या किनाऱ्यावर या गोष्टीचा अर्थ लावायला पुस्तक लागत नाही. बोर्डीपासून चिंचणीपर्यंत ओहोटीला पाणी कितीतरी मागे जातं. मऊ रेती आणि चिखलाच्या पट्ट्यात एक प्रकारचे जीव, आणि वाढवणच्या कातळावर, त्याच्या खळग्यांत आणि कपारींत अगदी दुसरेच. मच्छीमारांना हे तोंडपाठ असतं, कारण जाळं कुठे टाकायचं ते त्यावर ठरतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली त्यासाठी समुद्रात भराव घालायचा आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांचा वाद आहे तो बराचसा तळाचाच आहे. खडकाच्या जागी भराव आला की काय राहील आणि काय जाईल, हा प्रश्न कंटकचर्मींच्या कुळात बावन्न कोटी वर्षांपूर्वीच येऊन गेलेला आहे.

त्या काळातले हे प्राणी आपल्या पायाखाली, पाषाणाच्या खाली कुठे असतील का? हा प्रश्न मी इथल्या शिक्षकांकडून ऐकला आहे, आणि नोव्हेंबर २०१८ नंतर जास्त ऐकला. त्या महिन्यापासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना लहान-मोठ्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली तिनं लोकांना रात्री तंबूत काढायला लावल्या. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चार रिश्टरच्या घरात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे लोक यंत्रं घेऊन आले, आणि पहिल्यांदाच पाड्यापाड्यांवर ‘खाली नेमकं काय आहे’ अशी चर्चा सुरू झाली.

पाषाणाच्या खाली काय, याचं उत्तर महाराष्ट्रात दोन ठिकाणी छिद्र पाडून मिळालं आहे. दोन्ही ठिकाणी निमित्त भूकंपाचंच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलं तेव्हा ३३८ मीटर पाषाण लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा आदिखडक. कोयनेला २०१७ साली तीन किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रात १२४७ मीटर पाषाण संपला आणि लगेच तोच आदिखडक सुरू झाला. मध्ये गाळाचा थरही नाही. पाषाणाची चादर जिथे संपते त्या कडांवर फिरून आलात तरी हिशेब तोच. बेळगाव-बागलकोटकडे कलादगीचे थर लागतात, ते कँब्रियनच्याही आधीचे. नागपूर-चंद्रपूरकडे कोळशाचे गोंडवाना थर लागतात, ते बरेच नंतरचे आणि गोड्या पाण्यातले. मधली पंचवीसएक कोटी वर्षं, म्हणजे ज्यात हे चमत्कारिक कंटकचर्मी जन्मले आणि बरेचसे संपलेही, ती दख्खनच्या वहीतून गायब आहेत. कारण साधं आहे. तेव्हा हा प्रदेश गोंडवन महाखंडाचा भाग होता आणि पाण्याच्या वर होता. समुद्र होता तो त्याच्या उत्तर काठाला, जिथे आज हिमालय आहे. स्पितीच्या पराहिओ खोऱ्यात हेन्री हेडन यांना कँब्रियन जीवाश्म सापडले आणि १९१० साली काउपर रीड यांनी त्यांचं वर्णन छापलं ते याच काठावरचे.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला विलुप्त कंटकचर्मींचा खरा साठा मिळाला तो मात्र स्पितीत नाही, ब्रह्मदेशात. तेव्हा ब्रह्मदेशही कलकत्त्याच्याच कारभाराखाली होता. उत्तर शान संस्थानांच्या डोंगरात टॉमस दिग्ज ला टूश नकाशे काढत हिंडत होते. तिथल्या ऑर्डोव्हिशियन थरांत त्यांना सिस्टॉइड सापडले. हे सिस्टॉइड म्हणजे तबकड्यांची बंद पेटी, आणि तबकड्यांना श्वासासाठी छिद्रांच्या जोड्या किंवा खाचांच्या चौकटी. डेव्होनियन कालखंडाच्या अखेरीपर्यंत हा सगळा गोतावळा संपला. जीवाश्म इंग्लंडला गेले. बाकीच्यांचं वर्णन केंब्रिजच्या रीडनी केलं, पण सिस्टॉइडांचं काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रान्सिस आर्थर बाथर यांच्याकडे सोपवलं. १९०६ साली ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या सर्वेक्षणाच्या मालिकेत ते छापून आलं.

याच बाथरकडे पुढे स्कॉटलंडच्या गर्वन गावातून एक पेटी आली. एलिझाबेथ ग्रे नावाच्या बाई तिथे कित्येक दशकं, मुलाबाळांना घेऊन, जीवाश्म वेचत होत्या. त्यांच्या संग्रहातल्या एका प्राण्याला पाचाची मांडणी नव्हती, डावं-उजवं सारखं नव्हतं. एक चपटं, बुटाच्या आकाराचं धड आणि त्याला जोडलेली तबकड्यांची लांबट शेपटी. बाथरनी १९१३ साली त्याचं नाव ठेवलं कोथुर्नोसिस्टिस एलिझे, आणि त्यातलं ‘एलिझे’ या बाईंच्या नावावरून. स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापण्याची संधी त्या काळात बायकांना क्वचितच मिळायची, तेव्हा प्राण्याच्या नावात जागा मिळाली हेच खूप म्हणायचं.

ती शेपटी पुढे फार गाजली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्याच संग्रहालयातले रिचर्ड जेफरीज म्हणू लागले की ही खरोखरच शेपटी आहे: आत स्नायू, मज्जारज्जू, आणि धडावरच्या फटी म्हणजे कल्ल्यांच्या फटी. म्हणजे हे प्राणी पाठीचा कणा असलेल्यांचे, पर्यायानं तुमचे-आमचे पूर्वज. कॅल्साइटचा सांगाडा पुढे आपण टाकून दिला एवढंच. १९८६ साली त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. उलट बाजूला बेल्जियमचे जॉर्ज उबाग्स. ते सांगत राहिले की ही शेपटी नाहीच, हा अन्न गोळा करणारा हात आहे, तारामाशाच्या बाहूच्या जातीचा. दोघांकडे तेच दगड होते. जेफरीज यांनी जीवाश्म खरवडून, काप घेऊन, एकेका तबकडीची मांडणी कागदावर उतरवली होती. चुकीच्या बाजूला असूनही त्यांच्याइतकी चिकाटी फार कमी जणांनी दाखवली असेल. निकाल लागला २०१९ साली. मोरोक्कोच्या फेझुआता थरांत, सुमारे ४७ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात, या प्राण्यांचे मऊ अवयवही उमटलेले सापडले. ल्याँचे बर्त्राँ लफेव्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या ‘शेपटी’त पाण्याची नळी आहे आणि तिला नळीपाय फुटलेले आहेत. नळीपाय ही कंटकचर्मींची खास ठेव. उबाग्स खरे ठरले.

आता घराजवळ येऊ.

१८५० च्या दशकात मुंबईच्या तोफखान्यातला रिचर्ड हार्ट कीटिंग नावाचा अधिकारी नर्मदेच्या खोऱ्यात कामावर होता. १८५८ च्या मार्चमध्ये चंदेरीच्या किल्ल्याची खिंडार चढून जाताना जखमी झाला म्हणून ज्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोच हा. आपल्या बाजूनं पाहिलं तर ती वीरता कुणाविरुद्ध होती हे निराळं सांगायला नको. पण या माणसाला दगडांची नजर होती. बाघ गावाजवळ, चिराखानच्या परिसरात त्यानं चुनखडीतून निघालेले जीवाश्म गोळा केले. बाघ म्हणजे आजच्या धार जिल्ह्यातलं, लेण्यांसाठी ओळखलं जाणारं. लेणी बघायला जाणारे पुष्कळ, पण तिथल्या चुनखडीतून सी-अर्चिन वेचणारा विरळा.

मुंबईत त्याच काळात हेन्री जॉन कार्टर नावाचे सर्जन होते. पलिनुरस या जहाजावर १८४४ ते १८४६ या काळात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी झाली तेव्हा ते डॉक्टर म्हणून बरोबर होते, आणि येताना तिथल्या खडकांतले जीवाश्म घेऊन आले. मुंबई बेटाच्या भूरचनेवर त्यांनी निबंध लिहिला आणि १८५७ मध्ये पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरचे विखुरलेले लेख एकत्र करून पुस्तक काढलं. दख्खनच्या पाषाणाचं कोडं तेव्हा सगळ्यांनाच छळत होतं. लाव्हा कधी वाहिला? पाषाणात जीवाश्म नाहीत. दोन लाव्हांच्या मध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात मिळतात, वरळीला बेडूक मिळाले, नागपूरला स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यानं शिंपले आणि वनस्पती गोळा केल्या. पण गोड्या पाण्यातल्या जीवांवरून काळ ठरवणं अवघड. दुसऱ्या कुठल्या देशातल्या कुठल्या तळ्याशी त्यांची तुलना करायची? समुद्रातले जीव मात्र दूरवर पसरतात. अरबस्तानातला आणि युरोपातला सी-अर्चिन बाघमध्ये सापडला, तर तिन्ही ठिकाणच्या खडकांचं वय जुळवता येतं.

ते जुळवलं पीटर मार्टिन डंकन यांनी. कोलचेस्टरला डॉक्टरकी करता करता त्या गावचे महापौर झालेले, आणि पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक झालेले हे गृहस्थ. १८६५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी अरबस्तानचे आणि बाघचे कंटकचर्मी एकाच निबंधात शेजारी शेजारी मांडले. निष्कर्ष असा की दोन्ही एकाच समुद्राच्या काळातले, आणि तो काळ म्हणजे युरोपात ज्याला सेनोमेनियन म्हणतात तो, क्रिटेशियसचा मधला टप्पा.

दुसरा अर्धा पुरावा जमिनीवर चालून मिळवायचा होता. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेचं खोरं पायाखाली घातलं आणि १८६९ मध्ये त्याचा अहवाल छापला. बाघची चुनखडी खाली, पाषाण वर, आणि दोहोंच्या मध्ये झीज झाल्याच्या खुणा. म्हणजे समुद्र हटला, तळ उघडा पडला, पावसापाण्यानं खरवडला, मग लाव्हा आला. तसंच सुरत-भरुचच्या बाजूला याच पाषाणाच्या वर नुम्युलाइट नावाच्या नाण्यासारख्या सूक्ष्मजीवांची चुनखडी बसलेली आहे, आणि ती इओसीन काळातली. झाली हद्द. बाघच्या सी-अर्चिननंतर आणि सुरतेच्या नुम्युलाइटआधी. डहाणूहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला कल्पनाही नसते की आपल्या पायाखालच्या दगडाचं छत पुढच्या दोन-तीन तासांवर आहे आणि तळ नर्मदेच्या काठावर.

बाघमध्ये जे मिळतात ते प्रामुख्यानं हृदयाच्या आकाराचे सी-अर्चिन. हेमिअ‍ॅस्टर हे त्यांतलं नेहमीचं नाव. दोन-तीन सेंटिमीटरचा, पिवळसर, हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा जड. वरच्या बाजूला पाच पाकळ्या खोदल्यासारख्या दिसतात. नीट पाहिलं तर प्रत्येक पाकळी म्हणजे छिद्रांच्या जोड्यांच्या दोन रांगा. पाचाची मांडणी शाबूत आहे, पण तिच्यावर दुसरी मांडणी चढलेली आहे: तोंड पुढे सरकलंय, गुदद्वार मागे गेलंय, म्हणजे प्राण्याला पुढचं-मागचं आलंय. कारण हा तळात घुसून राहणारा, चिखल खात पुढे सरकणारा जीव. हेलिकोप्लॅकसला ज्या पातळ चिखलानं मारलं, त्याच चिखलात याच्या घराण्यानं नंतर संसार थाटला. नमुना साफ करताना मार्लचा, म्हणजे चुनामिश्रित मातीचा, मऊ भुसभुशीत थर सुईनं टोकरत जावं लागतं. एक छिद्र जास्त उकरलं गेलं की मोजणी बिघडते, आणि जात ओळखायची ती या छिद्रांच्या आणि तबकड्यांच्या मोजणीवरच.

नर्मदेच्या खोऱ्याचं पुढचं काम प्रमथनाथ बोस यांनी केलं. १८८४ च्या त्यांच्या अहवालात या थरांची जी फोड आहे ती, म्हणजे खाली निमारचा वालुकाश्म, मग गाठाळ चुनखडी, मग देवला-चिराखानचा मार्ल आणि वर प्रवाळी चुनखडी, आजही शिकवली जाते. १९०४ साली मयूरभंजच्या लोखंडाबद्दल जमशेटजी टाटांना ज्यांनी पत्र लिहिलं तेच हे बोस. जमशेदपूरचं नाव निघालं की त्यांची आठवण निघते, बाघच्या नावानं कुणी काढत नाही. बोस यांच्या फोडीनंतर हे थर वेगवेगळ्या काळांतले असावेत असं वाटू लागलं, तेव्हा १८८७ मध्ये डंकननी पुन्हा लेखणी उचलली आणि सगळे एकाच काळातले, सेनोमेनियनच, असं ठामपणे सांगितलं.

या सी-अर्चिनांनी आणखी एक वाद पेटवला, आणि तो थेट आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्याचा होता. बाघचे जीव अरबस्तान-युरोपशी नातं सांगतात, पण दक्षिणेतल्या तिरुचिरापल्लीच्या क्रिटेशियस थरांतले जीव मात्र दक्षिण आफ्रिका आणि आसामशी. एकाच हिंदुस्थानात दोन समुद्र आणि दोघांची ओळख नाही, असं कसं? मधे जमीन आडवी असली पाहिजे. हिंदुस्थानापासून मादागास्करमार्गे आफ्रिकेपर्यंत पसरलेली, नंतर बुडालेली जमीन. ब्लॅनफर्ड यांनी १८९० साली जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात अशा जमिनीची बाजू हिरिरीनं मांडली. बुडालेल्या खंडाच्या कल्पनेवर पुढे किती भाकडकथा चढल्या ते सोडून देऊ. आज आपण म्हणतो की जमीन बुडाली नाही, सरकली. बाघचा समुद्र होता त्याच सुमारास मादागास्कर सुटून गेलं. सेशेल्सचा तुकडा मात्र अजून पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला होता. लाव्हाचा मोठा लोंढा येऊन गेल्यावर तो सुटला. तेव्हा बाघमध्ये हेमिअ‍ॅस्टर चिखल खात होता त्या काळी डहाणूला समुद्रकिनाराच नव्हता. वायव्येकडून नर्मदेच्या खोलगटात शिरलेली खाडी आणि तिच्या दक्षिणेला कोरडी जमीन, असं चित्र होतं.

डंकननंतर रने फुर्तो या कैरोत काम केलेल्या फ्रेंच माणसानं १९१८ मध्ये बाघचे सी-अर्चिन पुन्हा तपासले. मग काम मराठी माणसाच्या हातात आलं. जी. डब्ल्यू. चिपळूणकर बनारस हिंदू विद्यापीठात होते तेव्हा, १९३७ आणि १९३९ मध्ये, ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये बाघच्या सी-अर्चिनांवरचे त्यांचे निबंध दोन भागांत छापून आले. तोवर नमुने लंडनला किंवा कैरोच्या वळणानं जायचे. आता ते शोधणारा, साफ करणारा आणि नाव ठेवणारा एकच माणूस होता आणि तो इथला होता. सी-अर्चिन झाल्यावर त्यांनी ब्रायोझोआ घेतले, मग अ‍ॅमोनाइट. पुढे पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली काढलेल्या आणि १९९२ पासून आघारकरांच्याच नावानं चालणाऱ्या संस्थेत, आर. एम. बडवे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बाघच्या जीवाश्मांची लेखमालाच चालवली. पुण्यातल्या विधी महाविद्यालय रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात. त्या संस्थेच्या कपाटांत नर्मदेच्या समुद्राचे रहिवासी ठेवलेले आहेत हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. चिपळूणकरांवर शोधू लागलं तर परिच्छेद मिळवताना पुरेवाट होते.

डंकनचा सेनोमेनियन मात्र टिकला नाही. सी-अर्चिनच्या जाती फार सावकाश बदलतात, त्यामुळे काळाचं माप म्हणून त्या जाडसर. अ‍ॅमोनाइट आणि इनोसेरॅमस जातीचे शिंपले झपाट्यानं बदलतात. त्यांच्या आधारानं बाघची चुनखडी आता ट्युरोनियन ते कोनिॲशियन, म्हणजे साधारण नऊ कोटी वर्षांच्या आसपासची धरतात. काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांचा फरक पडला. पण पाषाणाच्या तळाची हद्द तिथेच राहिली. उलट वरच्या बाजूनं बिरबल साहनींसारखे मातब्बर १९३० च्या दशकात लाव्हांच्या मधल्या वनस्पतींवरून पाषाण इओसीनपर्यंत ओढू पाहत होते, तेव्हा ओढाताण झाली ती छताची. तळाला कुणी हात लावला नाही.

छत आणि तळ यांच्यामधली नेमकी जागा ठरली ती स्फटिकांतल्या किरणोत्सर्गी घड्याळानं. १९८८ च्या ‘नेचर’मधल्या निबंधात रॉबर्ट डंकन आणि डग्लस पाइल यांनी दाखवलं की हा सगळा लाव्हा क्रिटेशियसच्या शेवटी, सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास, झपाट्यानं ओतला गेला. आडनाव तेच, माणूस वेगळा. पहिल्या डंकननं काटेरी प्राण्यांवरून दिलेली हद्द आणि दुसऱ्यानं यंत्रावर काढलेला आकडा यांच्यात सव्वाशे वर्षांहून जरा कमी अंतर आहे. २०१५ साली ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या, घाटातल्या कटिंगमध्ये तांबड्या पट्ट्यासारख्या दिसणाऱ्या मातीतून झिर्कॉनचे कण वेचले आणि मुख्य लोंढ्याची मुदत साडेसात लाख वर्षांवर आणली. त्यातला पहिला अडीच लाख वर्षांचा भाग डायनोसॉर संपण्याच्या आधीचा. बाघच्या खाडीतला शेवटचा सी-अर्चिन गाडला गेल्यावर लाव्हा यायला दोन कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि तेवढ्या काळात त्या उघड्या पडलेल्या तळावर पावसानं जे खरवडलं ते ब्लॅनफर्डनी १८६० च्या दशकातच डोळ्यांनी पाहून वहीत लिहून ठेवलं होतं.